पाकिटातला मका, अंड्यातला मका: एका घराच्या किराण्याची तपासणी (पुणे, जुलै ते ऑक्टोबर २०२५)

१४ जुलै २०२५

कामाची व्याप्ती ठरली. चार माणसांच्या शहरी घराचा महिन्याचा किराणा घ्यायचा आणि त्यात मका आणि कारखान्यात तयार झालेले घटक कुठून, किती येतात ते वजनात मांडायचं. ‘बाहेरचं खाणं वाढलंय’ हे सगळेच म्हणतात, पण ग्रॅममध्ये कुणी सांगत नाही.

संदर्भासाठी २०२२-२३ च्या राष्ट्रीय घरगुती खर्च पाहणीचा आकडा फळ्यावर लिहून ठेवला आहे. शहरी घराच्या दरमहा खर्चात पेयं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा १०.६४ टक्के, तर सगळ्या तृणधान्यांचा मिळून ३.६४ टक्के. ग्रामीण भागात हेच आकडे ९.६२ आणि ४.९१. पहिल्या आकड्यात चहा आणि बाहेरून आणलेलं शिजवलेलं अन्नही धरलेलं असतं, म्हणून तो सगळा पाकिटांचा समजायचा नाही. तरीही खेड्यातसुद्धा धान्यापेक्षा या गटावर दुप्पट पैसा जातो, ही गोष्ट साधी नाही.

नोंदीचा तक्ता: पदार्थ, निव्वळ वजन, घटकांची यादी जशीच्या तशी, १०० ग्रॅममधली कर्बोदकं, एकूण साखर, वाढीव साखर, चरबी, सोडियम. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो सपाट टेबलावर, उजेड बाजूने घेऊन काढावा. चकचकीत प्लास्टिकवर फ्लॅश मारला की नेमकी घटकांचीच ओळ पांढरी पडते.

१६ जुलै

यादी वाचायचे नियम सगळ्यांनी एकदा नीट समजून घेतले. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात आणि हा क्रम पदार्थ बनवताना घातलेल्या वजनाचा असतो, तयार मालाचा नव्हे. तेल नुसतं ‘खाद्य वनस्पती तेल’ म्हणून भागत नाही, कोणतं ते सांगावं लागतं. म्हणून पामतेल किंवा पामोलीन हे नाव सापडतंच.

तीन ठिकाणी मात्र मका नजरेआड राहतो. एक, रासायनिक बदल न केलेला स्टार्च असेल तर नुसतं ‘स्टार्च’ लिहिलेलं चालतं. तो मक्याचा की तामिळनाडूतल्या सेलमच्या टॅपिओकाचा (साबुदाण्याच्या कंदाचा), हे कळत नाही. दोन, मिश्र घटक (समजा, मसाला किंवा चॉकलेट चिप्स) एकूण वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक सांगायची गरज नाही. अपवाद अ‍ॅलर्जीकारक घटकांचा आणि तयार मालात काम करणाऱ्या अ‍ॅडिटिव्हचा (रंग, टिकाऊपणा, घट्टपणा यांसाठी घातलेल्या पदार्थाचा). तीन, अ‍ॅडिटिव्ह नुसत्या आयएनएस क्रमांकाने (प्रत्येक अ‍ॅडिटिव्हला दिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाने) येऊ शकतं.

१९ जुलै

मक्याच्या नातलगांची यादी पूर्ण. ती फ्रीजवर चिकटवता येईल इतकी लहान ठेवली.

थेट: कॉर्न ग्रिट्स (मक्याची जाड भरड), कॉर्न मील, कॉर्नफ्लोअर, मका स्टार्च, मक्याचं तेल. एक पायरी पुढे: लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप. क्रमांकात: ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, १४०० पासून १४५० पर्यंतचे डेक्स्ट्रिन आणि बदललेले स्टार्च (केचपमध्ये १४२२ नेहमी भेटतो). शंकास्पद: ३३० सायट्रिक अ‍ॅसिड आणि ४१५ झँथन गम. ही दोन्ही आंबवून बनतात. जंतूंना खाऊ म्हणून मक्याचा ग्लुकोज चालतो तशी उसाची मळीही चालते. ४७१ ला (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मोनो-डायग्लिसराइड) मक्याच्या यादीत टाकू नये, तो आपल्याकडे बहुतेक पामतेलातून येतो. ३२२ लेसिथिन सोयाबीनचं.

स्वयंपाकघरात सर्वांत जास्त गोंधळ दोन डब्यांचा होतो. मक्याचं पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला, पिवळा, भाकरीचा. नंदुरबारला सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत रोजच्या जेवणात असतं ते. कॉर्नफ्लोअर म्हणजे फक्त स्टार्च: पांढरं, चिमटीत घेतलं की करकरतं, त्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. कस्टर्ड पावडर म्हणजे हेच कॉर्नफ्लोअर, रंग, वास आणि चिमूटभर मीठ. आयसिंग शुगर आणि बेकिंग पावडर गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यांतही हेच मिसळतात.

स्टार्च निघतो कसा, तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढचे हिशेब कळतील. मका साधारण ५० अंश से. पाण्यात ३० ते ५० तास भिजवतात. त्या पाण्यात ०.१ ते ०.२ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. त्याने प्रथिनांची पकड सुटते आणि पाणी नासत नाही. मग भरडून अंकुर तरंगवून वेगळा काढतात (त्याचं तेल), कोंडा चाळतात, आणि ग्लुटेन व स्टार्च सेंट्रिफ्यूजवर वेगळे करतात. १०० किलो मक्यातून सुमारे ६० ते ६५ किलो स्टार्च हाती येतो. बाकी कोंडा-ग्लुटेन पशुखाद्याला. आपल्याकडे दोंडाईचा आणि चाळीसगावला हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. खान्देशातला मका घराजवळच फुटतो.

पुढे त्याच स्टार्चवर अल्फा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) १०५ अंशांच्या आसपास सोडलं की लांब साखळ्या तुटतात. लवकर थांबलं तर माल्टोडेक्स्ट्रिन. ६० अंशांवर दुसरं विकर, ग्लुकोअमायलेज, देऊन शेवटपर्यंत नेलं तर ग्लुकोज. मधे कुठे थांबतात त्यावर लिक्विड ग्लुकोजची घट्टी आणि गोडी ठरते.

यातला माल्टोडेक्स्ट्रिन आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. चवीला जवळजवळ सपक, पोटात गेल्यावर ग्लुकोजइतक्याच वेगाने पचतो, आणि पोषण तक्त्यात तो ‘साखर’ या ओळीत येत नाही, कारण तिथे एक-दोन कड्यांच्या शर्कराच मोजतात. तो फक्त ‘कर्बोदकं’ या ओळीत दिसतो. मधुमेही माणूस साखरेची ओळ बघून पाकीट उचलतो आणि इथेच फसतो. कर्बोदकं आणि साखर या दोन आकड्यांतली तफावत मोठी, आणि यादीत पीठ-धान्य खाली किंवा नाहीच, असं दिसलं की तफावत कशाने भरली ते शोधायचं. प्रोटीन पावडर आणि मुलांच्या ‘शक्तिवर्धक’ पेयांत हे तपासाच.

२४ जुलै

गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणजे २३ ऑगस्टपर्यंत अंडी-कोंबडीची ओळ बहुतेक घरांत रिकामी, आणि त्यानंतर लगेच गणपती. या काळातला एकच महिना धरला तर निष्कर्ष पूर्ण चुकेल. म्हणून पाकिटांचं काम श्रावणात, अंडी-कोंबडीचं अनंत चतुर्दशीनंतर.

श्रावणात एक वेगळी गोष्ट मात्र तपासता येते. उपवासाला धान्य चालत नाही, मका हे धान्यच. पण ‘उपवासाचे’ म्हणून घरात येणाऱ्या मसालेदार बटाटा वेफर्सच्या मसाल्यात माल्टोडेक्स्ट्रिन सर्रास असतो. ज्यांना हे पाळायचं आहे त्यांनी नुसते खारे वेफर्स घ्यावेत: बटाटा, तेल, मीठ, संपलं.

२ ऑगस्ट

कंपनी प्रत्येक घटकाचा टक्का सांगत नाही; त्याशिवाय वजन काढायचं कसं? दोन रीती बसवल्या.

मिठाची रीत. सोडियम (मिलीग्रॅम) गुणिले २.५४ भागिले १००० म्हणजे मिठाचे ग्रॅम. यादीत मिठानंतर आलेला कुठलाही घटक मिठापेक्षा जड असू शकत नाही. उदाहरण: नूडल्सच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १२०० मिग्रॅ सोडियम. मीठ जास्तीत जास्त ३.०५ ग्रॅम. मसाल्याच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन मिठाच्या खाली असेल तर ७० ग्रॅमच्या पाकिटात तो २.१ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. सोडियम खाण्याच्या सोड्यातून आणि अजिनोमोटोतूनही येतं, त्यामुळे मीठ खरं तर याहून कमीच असणार. म्हणजे आपली वरची मर्यादा सुरक्षित राहते, चुकली तरी जास्तीकडेच चुकते.

उरलेल्याची रीत. घटक मिठाच्या आधी आला की पहिली रीत लंगडी पडते. बिस्किटात लिक्विड ग्लुकोज बहुधा मिठाच्या वर असतो. तिथे मैद्याचा टक्का छापलेला असेल तर तो घ्या, त्यात वाढीव साखर आणि चरबी मिळवा, १०० मधून वजा करा. समजा मैदा ६०, साखर २२, चरबी १४. उरले ४, आणि त्यात ग्लुकोज, दूध पावडर, मीठ, सोडा, वास सगळे बसायचे. दोन ठिकाणी सांभाळा: मैद्यातही किलोला १० ग्रॅमच्या आसपास चरबी असते, आणि भाजताना पाणी उडतं, म्हणून घातलेल्या वजनाचे टक्के आणि तयार मालाचे टक्के तंतोतंत जुळत नाहीत. बेरीज शंभरावर गेली तर घाबरू नये.

दोन्ही रीती लावून पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या पाकिटात वजनाने पहिले तीन नंबर मैदा, साखर आणि पामतेल यांचेच आहेत. मका चौथ्या-पाचव्या जागी, थोडा थोडा, पण जवळपास प्रत्येक पाकिटात.

९ ऑगस्ट

आयोडीन चाचणी. केमिस्टकडचं टिंक्चर आयोडीन, एक भाग त्याचा आणि नऊ भाग पाणी. पोव्हिडोन आयोडीनही चालतं, फक्त रंग यायला जरा वेळ लागतो. चमचाभर नमुना पाव कप पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, मग दोन थेंब. निळा-काळा रंग म्हणजे स्टार्च.

चुका होतात त्या अशा. गरम द्रावणात थेंब टाकला तर रंग येतच नाही, कारण तापमान वाढलं की आयोडीन स्टार्चच्या मळसूत्रातून निसटतं. केचप आणि फळांच्या पेयांत क जीवनसत्त्व (क्रमांक ३०० म्हणूनही घातलेलं) आयोडीनचा रंगच मारतं. तिथे थेंब टिकून राहीपर्यंत टाकत जायचं, दोन थेंबांवर ‘स्टार्च नाही’ असा निकाल द्यायचा नाही. हळदीवर ही चाचणी व्यर्थ, हळकुंडात मुळातच भरपूर स्टार्च असतो. बांधणीच्या हिंगावरही व्यर्थ, त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ उघडपणे घातलेलं असतं. माल्टोडेक्स्ट्रिन फार तर तांबूस छटा देतो, अनेकदा काहीच नाही. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त पकडायचं तोच इथून सुटतो. त्याला यादीतच गाठावं लागतं.

१७ ऑगस्ट

‘स्टार्च’ म्हणजे कोणाचा, यासाठी शाळेतला साधा मायक्रोस्कोप, ४०० पट. काचेवर पाण्याचा थेंब, सुईच्या टोकावर मावेल इतकी पूड, वर कव्हर स्लिप. मक्याचे कण कोनदार, बहुभुज, साधारण ५ ते २५ मायक्रॉन, मधोमध चांदणीसारखी चीर. बटाट्याचे मोठे, अंडाकृती. तांदळाचे अगदी बारीक, ३ ते ८ मायक्रॉन. गव्हाचे दोन मापांचे: मोठे भिंगासारखे आणि त्यांच्या भोवती बारके. टॅपिओकाचे गोल, पण एका बाजूने कापल्यासारखे.

पूड जास्त घेतली तर सगळं काळं दिसतं. आणि हे फक्त कच्च्या पदार्थाला लागू. मक्याचा कण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगून फुटतो, म्हणून कुरकुरे, कॉर्नफ्लेक्स, केचप यांत ओळख पटवण्याजोगं काही उरत नाही. सूप पावडर, कस्टर्ड आणि आयसिंग शुगर यांत मात्र मका स्पष्ट दिसला.

३० ऑगस्ट

गणपती. फक्त मोदकांसाठी आणलेल्या खव्यावर आयोडीन. रंग नाही.

१३ सप्टेंबर

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची. अंडी आणि कोंबडी.

अंड्याची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. शंभर कोंबड्यांमागे रोजची ८३ अंडी धरली तर अंड्यामागे १३२ ग्रॅम खाद्य. त्यात मका ५५ टक्के धरू: ७३ ग्रॅम. म्हणजे एका अंड्यामागे, कवचासकट त्याच्या वजनाहून जास्त मका.

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी: एक किलो जिवंत वजनाला साधारण १.६५ किलो खाद्य. साफ केल्यावर वजन ७० टक्के राहतं, म्हणून एक किलो चिकनला २.३६ किलो खाद्य. मका ५८ टक्के धरला तर १.३७ किलो.

आमच्या नमुना घरात महिन्याला ६० अंडी आणि २ किलो चिकन. अंड्यांमागे ४.४ किलो, चिकनमागे २.७ किलो. एकूण ७.१ किलो मका.

आता पाकिटांतला मका, दाण्याच्या वजनात: कॉर्नफ्लेक्सचा ५०० ग्रॅमचा डबा साधारण ४५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १०० ग्रॅम म्हणजे दाणा १६० ग्रॅम, कस्टर्ड पावडर १०० ग्रॅम, दाणा १५०, बिस्किटं, नूडल्स, सूप, केचप, आइस्क्रीम, पेय पावडर यांतलं सगळं वरच्या मर्यादेनं धरूनही ३०० च्या आत. एकूण किलोभर.

सातास एक. घरात मका दिसतो तो कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावर, पण येतो अंड्यांच्या ट्रेमधून, ज्याच्यावर घटकांची यादीच नसते.

याचा अर्थ अंडं वाईट असा अजिबात नाही. अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिन आहे. मका तिथे पोषण होऊन येतो, माल्टोडेक्स्ट्रिन होऊन नाही. म्हणून तक्त्यात आजपासून दोन वेगळे रकाने: ‘खाल्लेला मका’ आणि ‘खाऊ घातलेला मका’. पहिला रकाना तब्येतीचा, दुसरा जमिनीचा आणि भावाचा. दोन्हींची बेरीज करून कुणी घाबरवणारा एकच आकडा सांगितला तर मानू नका.

खाद्यातली टक्केवारी स्थिर नाही. मका महागला की तांदळाची कणी आणि इथेनॉल कारखान्यातला चोथा (डीडीजीएस) आत येतो. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघतं. वीस टक्के मिश्रणाच्या एका लिटर पेट्रोलमधलं इथेनॉल सगळं मक्याचं असेल तर त्यामागे अर्ध्या किलोहून थोडा जास्त दाणा गेला. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये आहे. शेतकऱ्याला नवा मोठा गिऱ्हाईक मिळाला ही चांगलीच गोष्ट. पण तोच दाणा अंड्याच्या किमतीत पुन्हा भेटतो, कारण अंड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा.

दुधाचा हिशेब आम्ही धरला नाही. गाईला मका मिळतो तो जास्त करून मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) म्हणून, अख्ख्या झाडासकट. त्याची दाण्याशी बेरीज करणं बरोबर नाही.

२२ सप्टेंबर

आजपासून नवे जीएसटी दर. बिस्किटं आणि कॉर्नफ्लेक्स १८ वरून ५ टक्के, पाकीटबंद नमकीन १२ वरून ५. पुढचे काही आठवडे एकाच मालावर जुनी-नवी किंमत दिसेल, म्हणून पैशाच्या रकान्यात खरेदीची तारीख लिहिणं सक्तीचं. हा गट आता आणखी स्वस्त झाला, हे पुढच्या वाचनात लक्षात ठेवावं लागेल.

२८ सप्टेंबर

‘केसांची कार्बन चाचणी करून शरीरातला मका मोजता येईल का’ या प्रश्नाचं उत्तर एकदाच लिहून ठेवतो.

सूर्यप्रकाशातून अन्न बनवायचे वनस्पतींचे वेगवेगळे मार्ग आहेत: मका सी-४ नावाचा मार्ग वापरतो, गहू-तांदूळ सी-३. त्यामुळे कार्बन-१३ चं (कार्बनच्या जरा जड प्रकाराचं) प्रमाण वेगळं पडतं. ते एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत मोजतात: मक्यात उणे १२ ते १४ प्रति हजारच्या आसपास, गहू-तांदळात उणे २६ ते २८. २००८ मध्ये होप जॅरन आणि रिबेका क्राफ्ट यांनी अमेरिकेतल्या फास्ट फूडचे नमुने असे तपासले, तेव्हा कोंबडी आणि गोमांसातला कार्बन मक्याच्या खाद्याकडे बोट दाखवत होता.

महाराष्ट्रात ही चाचणी उपयोगाची नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि ऊस, सगळे सी-४. रोज भाकरी खाणाऱ्या आणि दोन वेळा गोड चहा घेणाऱ्या माणसाचा केस, त्याने मक्याचा दाणा न खाताही, मक्याकडे झुकलेला दिसेल. यावर पैसे घालवू नयेत.

५ ऑक्टोबर

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी तक्त्याची वेगळी प्रत, कारण तिथला मुख्य फरक गोडीचा. आपल्याकडे शीतपेयात उसाची साखर असते. तिथे मोठ्या कोला कंपन्यांनी १९८४ मध्ये साखर सोडून हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप धरलं. मक्याच्या ग्लुकोजवर आयसोमरेज विकर चालवून त्याचा साधारण अर्धा भाग फ्रुक्टोज करतात; पेयांत ५५ टक्क्यांचा, बेकरी-सॉसमध्ये ४२ चा. तिथल्या तक्त्यात ब्रेड, केचप, सॅलड ड्रेसिंग, दह्याचे गोड कप या चार ओळी आधी तपासाव्यात. आयोडीनयुक्त मिठातही चिमूटभर डेक्स्ट्रोज असतो, आयोडीन टिकावं म्हणून. तो मोजायच्या लायकीचा नाही.

दोन्ही प्रतींत एक ओळ ठळक केली: ओआरएस. एका लिटरच्या पाकिटातले १३.५ ग्रॅम ग्लुकोज काढून टाकायचे नाहीत, त्याच्याबरोबरच सोडियम आतड्यातून आत जातं. जुलाब झालेल्या मुलाला ‘साखर नको’ म्हणून ते पाकीट नाकारू नका.

१२ ऑक्टोबर

दिवाळीच्या खरेदीआधी तक्ता बंद करायचा म्हणून बदलांची यादी. पेय पावडर बंद. तिच्या जागी नाचणीसत्त्व, दूध आणि दिसेल इतकी साखर. सूपची पाकिटं बंद. रस्सा दाट करायला कॉर्नफ्लोअर राहू दिलं: दोन कप सूपला एक चमचा, गार पाण्यात कालवून; थेट गरमात टाकलं की बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडी पूड राहते आणि गुठळी होते. मोजून घातलेला स्टार्च त्रास देत नाही. कॉर्नफ्लेक्सच्या जागी पोहे. बिस्किटांची ओळ सर्वांत चिवट निघाली, ती महिन्याला १.२ किलोवरून ८०० ग्रॅमवर आणायचं ठरलं. त्यातून वाचतो तो मुख्यतः मैदा, साखर आणि पामतेल.

मक्याचा चिवडा करणाऱ्यांसाठी: मका पोहे तेल पुरेसं तापलं नसेल तर फुलत नाहीत आणि तेल पितात. एक पोहा टाकून पाहावा, तो लगेच फुलून वर आला तरच घाणा घालावा. मूठमूठ, झाऱ्यात, आणि कागदावर पसरून.

सुट्या फरसाणाला यादी नसते. दुकानदाराला तेल कोणतं ते विचारावं आणि भट्टीमागचे रिकामे पंधरा किलोचे डबे बघून घ्यावेत. सुटं बेसन मायक्रोस्कोपखाली घ्यावं: हरभऱ्याचा कण अंडाकृती, गुळगुळीत, मधे लांबट रेघ; त्यात कोनदार, चांदणीच्या चिरेचे कण मिसळलेले दिसले तर मक्याचं पीठ आहे. वाटाण्याचं पीठ मात्र असं पकडता येत नाही, त्याचे कण हरभऱ्याच्या फार जवळ जातात. खात्रीचं हवं तर डाळ आणून गिरणीत, आधीच्या गिऱ्हाइकाचं बेसन दळून झाल्यावर लगेच नंबर लावून दळावी.